कोकणात एमबीबीएसला लागलात? पहिल्या वर्षापासून इंटर्नशिपपर्यंतची वाट

यादीत नाव आलं, गावभर पेढे वाटून झाले, आता ओरोस, रत्नागिरी, अलिबाग नाहीतर सावर्ड्याला सामान घेऊन निघायचं. घरात आधी कोणी डॉक्टर नसेल, तर पुढची साडेपाच वर्षं नेमकी कशी जातात हे सांगणारं माणूस सहसा भेटत नाही. क्लासवाले नीटच्या निकालापर्यंतच सोबत असतात. अभ्यासक्रम राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नियमावलीत छापलेला आहेच, पण नियमावली वाचून दिवस कसा जातो ते कळत नाही. ते इथे क्रमाने सांगतो.

आधी आराखडा डोक्यात बसवा

साडेचार वर्षं शिक्षण आणि त्यानंतर एक वर्ष सक्तीची इंटर्नशिप. साडेचार वर्षांचे चार तुकडे पडतात.

पहिलं वर्ष, १२ महिने: अॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री.
दुसरं वर्ष, १२ महिने: पॅथॉलॉजी, फार्माकॉलॉजी, मायक्रोबायॉलॉजी.
तिसऱ्याचा पहिला भाग, १२ महिने: कम्युनिटी मेडिसिन, म्हणजे सगळे ज्याला पीएसएम म्हणतात तो विषय, आणि फॉरेन्सिक.
तिसऱ्याचा दुसरा भाग, १८ महिने: मेडिसिन, सर्जरी, गायनॅक, पेडिअॅट्रिक्स.

ईएनटी आणि डोळ्यांचा विषय राहिला असं वाटेल. त्यांची परीक्षा कोणत्या भागात घ्यायची हे गेल्या काही वर्षांत इकडून तिकडे हललं आहे. सीनियरच्या नोट्सवर विसंबू नका, तुमच्या बॅचचं परिपत्रक काढून भिंतीला लावा. हे सगळ्याच नियमांना लागू आहे. २०२० मध्ये जुनी मेडिकल कौन्सिल जाऊन आयोग आला, तेव्हापासून फाउंडेशन कोर्सचे दिवस, इलेक्टिव्हचे (आवडीच्या विषयात काम करण्याचे) आठवडे, पासिंगची अट, यांतलं बरंच काही बदललेलं आहे.

परीक्षा घेतं नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ. कामोठ्याच्या एमजीएमसारखी अभिमत विद्यापीठं आपली परीक्षा आपण घेतात. पहिल्या वर्षाच्या परीक्षेला जास्तीत जास्त चार संधी मिळतात आणि पूर्ण अभ्यासक्रम प्रवेशापासून नऊ वर्षांत आटपावा लागतो. नऊ वर्षं ऐकून हसू येतं, पण पहिल्या वर्षीच गाडी अडली की हे आकडे खरे वाटायला लागतात. हजेरी थिअरीला ७५ टक्के आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के लागते. गणपतीला घरी न जाणारा माणूस कोकणातला नव्हेच, पण हजेरीच्या रजिस्टरला ते कळत नाही. पाच दिवसांचे गणपती असतील तर परतीचं तिकीट आधी काढा. त्या आठवड्यात कोकण रेल्वेचं आरक्षण मिळणं हीच एक परीक्षा असते.

कॉलेज नवं असेल तर

सावर्ड्याजवळच्या डेरवणचं खाजगी कॉलेज २०१५ चं. ओरोस आणि अलिबागची शासकीय कॉलेजं २०२१ मध्ये सुरू झाली, रत्नागिरीचं २०२३ मध्ये, प्रत्येकी १०० जागांची. म्हणजे कोकणातली सरकारी कॉलेजं अजून मिसरूड फुटण्याच्या वयातली आहेत. मुंबईचं ग्रँट मेडिकल १८४५ चं, आणि दक्षिणेला बांबोळीच्या गोवा मेडिकलचं मूळ १८४२ पर्यंत जातं. या दोघांच्या मधल्या पट्ट्यात जे सरकारी कॉलेज आहे ते जिल्हा रुग्णालयाच्या खांद्यावर उभं आहे.

नातेवाईक विचारतील, ‘नवीन कॉलेज, तिथे शिकवतं कोण?’ शंका अगदीच फोल नाही. काही विभागांत शिक्षक कमी असतात, सुपरस्पेशालिटी नसते, गुंतागुंतीची केस वरच्या वर मुंबईला, कोल्हापूरला नाहीतर बांबोळीला जाते. पण दुसरी बाजू कोणी सांगत नाही. मोठ्या शहरात एका पेशंटभोवती आधी पीजीचे, म्हणजे पदव्युत्तर शिकणारे विद्यार्थी, मग इंटर्न, आणि त्यांच्या खांद्यावरून डोकावणारे तुम्ही. इथे पीजी थोडे, काही विभागांत नाहीतच. सर राउंडला आले की प्रश्न थेट तुम्हाला. टाका घालताना पलीकडून धागा कापणारा हातही तुमचाच. माझं मत विचाराल तर पदवीच्या शिक्षणाला ही जागा वाईट नाही. मात्र मागे लागून शिकावं लागतं, इथे कोणी भरवत नाही.

पायरी पहिली: कागद आणि सामान

मूळ कागदपत्रांच्या किमान पाच-सहा झेरॉक्सचे संच करा. डोमिसाइल, जातवैधता, नॉन-क्रिमिलेअर, यांतलं जे लागू असेल ते प्रवेशाच्या दिवशी अपुरं निघालं तर मनस्ताप ठरलेला. महाराष्ट्राच्या सरकारी कॉलेजात शिकल्यावर एक वर्ष शासकीय सेवेचा बॉण्ड असतो, तो घरच्यांनी सही करण्याआधी वाचावा. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर कॅपमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेतलेल्या मुलींसाठी २०२४-२५ पासून शिक्षण शुल्कमाफी आहे. कॉलेजच्या विद्यार्थी विभागात त्याची विचारणा पहिल्याच आठवड्यात करा.

सामानात दोन-तीन सुती एप्रन, डिसेक्शनचा साधा किट आणि एक बऱ्यापैकी स्टेथोस्कोप. लिटमनसारखा महागडा पहिल्या वर्षी लागत नाही. फिजिऑलॉजीच्या प्रॅक्टिकलला ब्लड प्रेशर मोजायला साधा पुरतो. हाडांचा संच विकत घेऊ नका, सीनियरकडून फिरत येतो. आणि कोकणचा पावसाळा विसरू नका. जुलैत हॉस्टेलच्या खोलीत पुस्तकाच्या पुठ्ठ्याला, चामडी पट्ट्याला, एप्रनच्या कॉलरला बुरशी धरते. हाडं प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून खाटेखाली सरकवली तर तीही काळी पडतात. ती मोकळी, कोरड्या फडताळात ठेवा.

पायरी दुसरी: पहिले काही आठवडे

याला फाउंडेशन कोर्स म्हणतात. इंग्रजीचे तास, संगणक, खेळ, प्रथमोपचार, रुग्णालयाची फेरी असं बरंच काही असतं. मुलं हा काळ ओळखीपाळखीत घालवतात आणि ते ठीकच आहे. मात्र एक काम इथेच उरका. मराठी माध्यमातून आलेला असाल तर अर्धांग, धमनी, शिरा हे शब्द तोंडात असतात आणि समोर येतं हेमिप्लेजिया, आर्टरी, व्हेन. एक वही करा, रोज दहा शब्द. दिवाळीपर्यंत ही अडचण संपते. इंग्रजी बोलता न येण्याचा न्यूनगंड मात्र काहींना वर्षभर पुरतो. वॉर्डात गेल्यावर चित्र उलटतं, ते पुढे येईलच.

रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र भरून घेतात. ते नुसतं भरायचं नसतं, समितीत कोण आहे हेही पाहून ठेवायचं.

पायरी तिसरी: पहिलं वर्ष

सगळ्यांना धडकी भरते ती डिसेक्शन हॉलची. पहिल्या दिवशी देहदात्यांप्रति शपथ घेतात, मग फॉर्मॅलिनच्या वासाने डोळे चुरचुरतात, एखाद-दुसऱ्याला घेरी येते. आठवड्याभरात त्याच हॉलबाहेरच्या पायऱ्यांवर वडापाव खाताना कोणालाच काही वाटत नाही. जे शरीर समोर असतं ते कोणीतरी स्वतः दिलेलं असतं किंवा बेवारस म्हणून १९४९ च्या अॅनाटॉमी कायद्याखाली कॉलेजकडे आलेलं असतं. टेबलाशी उभं राहायचं ते हे लक्षात ठेवून.

अॅनाटॉमी पाठ करून होत नाही, ती हाताने होते. ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचं जाळं, पुस्तकात बघून दहा वेळा काढलात तरी काखेत चिमटा घालून एकदा मज्जातंतू उचलून पाहिल्याशिवाय तो डोक्यात बसत नाही. गटात दोन जण कापतात, बाकीचे मोबाइल पाहतात. कापणाऱ्या दोघांत राहा.

आता अभ्यासक्रमाच्या रचनेबद्दल. २०१९ च्या बॅचपासून देशभर सक्षमता-आधारित अभ्यासक्रम लागू झाला, मुलांच्या भाषेत सीबीएमई. पूर्वी विषयाचे धडे असत, आता प्रत्येक गोष्टीला क्रमांक आहे. अॅनाटॉमीला एएन, फिजिऑलॉजीला पीवाय, बायोकेमिस्ट्रीला बीआय. आणि प्रत्येकापुढे पातळी लिहिलेली: हे नुसतं माहीत हवं, हे कसं करतात ते माहीत हवं, हे करून दाखवता आलं पाहिजे, हे स्वतंत्रपणे करता आलं पाहिजे. शेवटच्या दोन पातळ्यांची नोंद लॉगबुकात होते आणि शिक्षकांची सही लागते. लॉगबुक महिन्याच्या महिन्याला सही करून घ्या. प्रिलिमच्या आठवड्यात साठ-सत्तर सह्यांसाठी विभागाच्या दारात रांग लागते आणि त्या सह्यांना काही अर्थ उरत नाही.

तासही पूर्वीसारखे नुसते लेक्चरचे नाहीत. छोट्या गटातली चर्चा असते, स्वतः वाचून येऊन मांडायचं असतं, आणि एटकॉम नावाचं एक मॉड्यूल असतं. रुग्णाशी कसं बोलावं, वाईट बातमी कशी सांगावी, संमती कशी घ्यावी, हे त्यात. मुलं एटकॉमला हसतात. मग कधीतरी कॅज्युअल्टीत एखाद्या बापाला सांगावं लागतं की मुलगा राहिला नाही, आणि तेव्हा कोणाला हसू येत नाही.

पहिल्याच वर्षी गावातली किमान तीन कुटुंबं तुम्हाला दत्तक मिळतात. त्यांच्याकडे पदवीभर जायचं, उंची-वजन-रक्तदाब बघायचा, हिमोग्लोबिन कमी आहे का, लसी झाल्यात का, पाणी कुठलं पितात, हे विचारायचं. फोटोपुरते जाऊन येणारे पुष्कळ. पण वाडीवरच्या घरात ओट्यावर बसून, कोकम सरबत घेऊन, अर्धा तास बोललात की जे कळतं ते पीएसएमच्या पुस्तकात नाही. बाप्या मुंबईला, घरात सासू, सून आणि दोन पोरं, गोळ्या संपल्या तर तालुक्याला जायला एसटी दिवसातून दोनदा. ‘पेशंट औषध घेत नाही’ या तक्रारीमागे बरेचदा हीच एसटी असते.

पायरी चौथी: दुसरं वर्ष, आणि विंचू

दुसऱ्या वर्षापासून सकाळी वॉर्डपोस्टिंग सुरू होतं, दुपारी लेक्चर आणि प्रॅक्टिकल. पहिलं वर्ष सुटलं म्हणून मुलं सैलावतात आणि फार्मा त्यांना गाठतं. शेकडो औषधं, प्रत्येकाचे डोस, दुष्परिणाम. घोकंपट्टीने नाकी नऊ येतात.

यातून वाट काढायची एक रीत आहे. पाठ करायचं ते इथल्या एखाद्या रोगाला बांधून करा. कोकणात त्याला सगळ्यात चांगला धडा लाल विंचवाचा आहे. पेंढा हलवताना, चिरे उचलताना, लाकडाच्या भाऱ्यात हात घालताना दंश होतो. पोराला घाम फुटतो, उलट्या होतात, हातपाय गार पडतात, नाडी पळते, आणि काही तासांत फेसाळ थुंकी येऊन धाप लागते. का? विषामुळे नसांच्या टोकांतून अॅड्रिनलिनसारखी द्रव्यं बेसुमार सुटतात, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर भार पडतो आणि फुप्फुसात पाणी भरतं. ही झाली फिजिऑलॉजी. रक्तवाहिन्या आवळणारे ते अल्फा रिसेप्टर अडवले तर? प्राझोसिन हे औषध नेमकं तेच करतं. हे झालं फार्माकॉलॉजी. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी दंश झालेल्यांची लक्षणं तासातासाने नोंदवली, पुढे प्राझोसिनचा वापर रूढ केला आणि विंचूदंशाने होणारे मृत्यू खूपच घटले. त्यांचं संशोधन लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने छापलं, २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. मोठी प्रयोगशाळा नव्हती, होती ती खाट, घड्याळ आणि वही. ऑटोनॉमिक नर्व्हस सिस्टिमचा (आपोआप चालणाऱ्या मज्जासंस्थेचा) अख्खा धडा या एका पेशंटवर बसवता येतो आणि मग विसरत नाही.

नव्या अभ्यासक्रमात ज्याला इंटिग्रेशन म्हणतात ते हेच: एकाच वेळी अनेक विषय एका रोगाभोवती. वेळापत्रकात त्याचा तास असतो, पण तेवढ्याने भागत नाही, तो तुम्ही स्वतः घडवायचा असतो. मायक्रोबायॉलॉजीत लेप्टोस्पायरा हा जंतू आला की भातलावणीनंतर तापाने आलेला, पोटऱ्या दुखतात म्हणणारा शेतकरी आठवा. क्यासनूर विषाणू आला की दोडामार्गचा माकडताप आणि काजूच्या बागेत चावणारी गोचीड आठवा.

मायक्रोस्कोपची लेन्स काम झालं की पुसूनच ठेवा. इथल्या दमट हवेत तिच्यावरही बुरशी चढते, आणि प्रॅक्टिकल परीक्षेत स्लाइड धूसर दिसली तर कोणी ऐकून घेत नाही.

पायरी पाचवी: वॉर्ड

वॉर्डात काय करायचं? केस घ्यायची. म्हणजे रुग्णाजवळ बसून काय होतंय, कधीपासून, कसं वाढलं, आधी काय आजार होते, घरात कोणाला काय, हे विचारायचं, मग तपासायचं, आणि सरांसमोर नीट मांडायचं. पदवीच्या सगळ्या शिक्षणात हेच एक कौशल्य असं आहे की जे यंत्र करून देत नाही.

आणि मघाचं चित्र इथे उलटतं. पुण्या-मुंबईहून आलेला, फाड फाड इंग्रजी बोलणारा मुलगा खाटेशी अडखळतो आणि मालवणी समजणारी मुलगी पाच मिनिटांत सगळा इतिहास काढते. एक साधा प्रसंग बघा. खाटेवर आजी, कमरेला नऊवारी, उशाशी पानाचा डबा.

‘आजी, खोकला कधीपासून?’
‘गणपती झाले ना, तेच्या फुडे.’
‘म्हणजे किती दिवस?’
‘ता माका काय ठावक?’

तारीख विचारून आजी तारीख सांगणार नाही. गणपती, दसरा, भातकापणी, शिमगा, लावणी, हे इथलं कॅलेंडर. मोबाइलवर गणपतीची तारीख बघून आठवडे तुम्हीच मोजा. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर क्षयाची तपासणी करायची, थुंकी पाठवायची. आजीच्या एका वाक्यातून ते निघालं. सरांना सांगताना मात्र ‘सहा आठवड्यांपासून खोकला’ असं सांगा, ‘गणपतीपासून’ म्हणालात तर अख्खं युनिट हसेल.

केस घेताना आधी नाव सांगा, परवानगी मागा, पडदा ओढा. सकाळी आठ-दहा जणांनी एकाच पेशंटचं पोट दाबू नका. वॉर्डातल्या मामा-मावशींशी आणि सिस्टरांशी अदबीने वागा. सलाइन लावायला शिकवतात त्या सिस्टर. कुठल्या खाटेवर बघण्यासारखी केस आहे तेही त्यांनाच आधी ठाऊक असतं.

तिसऱ्याच्या पहिल्या भागात पीएसएम आणि फॉरेन्सिक. फॉरेन्सिकला शवविच्छेदनं पाहायची असतात. किनारपट्टीवर बुडून झालेले मृत्यू येतात, त्यामुळे तो धडा नुसता पुस्तकी राहत नाही.

शेवटचे १८ महिने म्हणजे खरी दमछाक. मेडिसिन, सर्जरी, गायनॅक यांचे दोन-दोन पेपर, आणि प्रॅक्टिकलला लाँग केस, शॉर्ट केस, व्हायव्हा. बाहेरून आलेले परीक्षक पहिला प्रश्न बहुतेक वेळा साधाच विचारतात. लिव्हर हाताला लागतंय म्हणता, मग दाखवा. तिथे वाचलेलं उपयोगी पडत नाही, दोन वर्षं रोज किती पोटं तपासलीत ते पडतं. म्हणून संध्याकाळी अर्धा-पाऊण तास वॉर्डात एकटे जा. राउंड नसतो, सर नसतात, रुग्णांनाही बोलायला कोणी हवं असतं.

पायरी सहावी: इंटर्नशिप

शेवटची परीक्षा सुटली की महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे तात्पुरती नोंदणी करायची आणि वर्षभर विभागा-विभागांत फिरायचं. त्यातले १२ आठवडे कम्युनिटी मेडिसिनचे, म्हणजे ग्रामीण रुग्णालयात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात. पुष्कळ जण हे आठवडे पीजीच्या अभ्यासाला सुट्टी समजतात. मला ते पटत नाही. वरचा डॉक्टर एकच आणि बाहेर पन्नास माणसं, असा दिवस पुन्हा शिकायला मिळत नाही.

कॅज्युअल्टीतली एक गोष्ट कोकणात प्रत्येक इंटर्नला झोपेत विचारली तरी यायला हवी. साप चावून आलेल्या माणसाची वीस मिनिटांची रक्ताची चाचणी. काचेची नवी, स्वच्छ, कोरडी टेस्ट ट्यूब घ्या. प्लास्टिकची चालत नाही, साबणाने धुतलेलीही नाही. शिरेतलं ताजं रक्त, साधारण दोन मिली, तिच्यात घाला, स्टँडला उभी ठेवा आणि घड्याळ लावा. मधे हलवायची नाही, ‘बघू या गोठलं का’ म्हणून तिरकी करायची नाही. वीस मिनिटं झाली की एकदाच कलती करा. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडवली आहे, आणि आपल्याकडे पहिला संशय फुरशावर. मग वरिष्ठांना हाक आणि अँटिव्हेनमची, म्हणजे सापाच्या विषावरच्या औषधाची तयारी. नातेवाइकांनी साप मारून पिशवीतून आणलेला असतो, तो बघण्याच्या नादात घड्याळ लावायचं राहतं. आधी ट्यूब, मग साप.

वर्ष संपताना प्रत्येक विभागाची पूर्तता-सही वेळेत घ्या, ती राहिली की कायम नोंदणी अडते. बॉण्डच्या नेमणुकीचे अर्ज आणि पीजीची परीक्षा एकाच सुमारास डोक्यावर येतात. पदवीनंतरच्या एकत्रित नेक्स्ट परीक्षेची चर्चा बरीच झाली आहे, ती पुढे ढकललीही गेली आहे. ती प्रत्यक्ष लागू होईपर्यंत पीजीसाठी नीट-पीजीच. बॉण्डसाठी ठिकाणांची यादी निघाली की केंद्राचं नाव बघून अर्ज करू नका. आधी तिथे फोन करून विचारा: राहायला क्वार्टर आहे का, दुसरा डॉक्टर आहे का, रात्री १०८ किती वेळात पोचते.